अम्मानं गुडघा वाढवला

बांगडी भरायला गुडघा लागतो, हे बांगड्या भरून घेणाऱ्या बायकांच्याही कधी ध्यानात येत नाही. त्यांचा जीव आपल्या हातात अडकलेला असतो. माझी आई, जिला आम्ही अम्मा म्हणतो, जमिनीवर बसायची ती डावा पाय दुमडून आणि उजवा गुडघा उभा करून. समोरच्या बाईचा हात त्या उभ्या गुडघ्यावर यायचा. मग अम्मा तिची बोटं जुळवायची, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबायची, आणि बोलता बोलता बांगडी मनगटात उतरलेली असायची. हात सैल सोडलाय की ताठ धरलाय, हे तिला गुडघ्यावरून कळायचं. "हात सोड गं पोरी, माज्या गुडग्याला टोचाया लागलाय," असं ती म्हणायची आणि नव्या नवऱ्या खुदकन हसायच्या. हसल्या की हात आपोआप सैल व्हायचा.

आम्ही परंड्याचे मनियार. बांगड्यांचा धंदा आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. घरात दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी. अम्माचं मात्र थोडं वेगळं आहे. ती रागावली, हट्टाला पेटली किंवा लाजली की घरातसुद्धा मराठीवर येते, कारण तिची सगळी घासाघीस, भांडणं आणि मैत्रिणी मराठीतल्या. तिच्याबद्दल लिहायला बसले की ती माझ्या कानात मराठीतच बोलते. ती बरेचदा रागावलेली असते, असाही त्याचा अर्थ होतो, आणि तो खरा आहे.

मला उमरग्याला दिली. तिथं हायवेला लागून माझं लेडीज एम्पोरियम आहे. माझ्याकडे बांगड्या प्लास्टिकच्या डब्यातून येतात, गिऱ्हाईक डबा घेतं आणि घरी जाऊन आपल्या आपण घालतं. अम्मा एकदा माझ्या दुकानात बसली होती. दिवसभर बघून संध्याकाळी म्हणाली, "तू बांगड्या इकतीस. भरत न्हाईस." मला राग आला होता.

अम्मा खांद्याला गाठोडं लावून गावोगाव फिरायची. सीना नदीच्या अंगाला जी गावं आहेत, ती सगळी तिची. तिथं तिला 'बांगडीवाली भाबी' म्हणत. नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटायचंही नाही. चालताना ती डावीकडे झुकायची. तरुणपणी थोडीशी, नंतर जास्त, आणि शेवटी शेवटी इतकी की शिवारातून येताना बांधावरूनच बाया ओळखायच्या. तोवर तिच्या दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागलेली होती. डावा बाहेर गेलेला, उजवा आत आलेला. उठताना ती भिंत धरायची, भिंत नसेल तर मला धरायची, आणि मी नसले तर उठायचीच नाही. गावं एकेक करून सुटत गेली.

सल्ला द्यायला मात्र लोक कमी नव्हते. कुणी तेल सांगितलं, कुणी लेप, कुणी अमक्या गावच्या माणसाकडे जाऊन नस दाबून घ्यायला. ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "वाटी बदलली की माणूस पुन्यांदा खाली बसत न्हाय." आमच्याकडे गुडघा बदलला असं म्हणतच नाहीत, वाटी बदलली म्हणतात, जणू भांड्याच्या दुकानात जाऊन स्टीलची आणायची आहे. मी चिडून चिडून थकले. पण अम्मा ते 'खाली बसत न्हाय' धरून बसली. दुखणं तिला चालणार होतं. जमिनीवरून उठवलेलं तिला चालणार नव्हतं. बांगडी भरणारी बाई खालीच बसते, घरधनीण पाटावर. हे तिच्या लेखी इतकं पक्कं होतं की त्यावर बोलायचीही गरज नव्हती.

मग एका सकाळी सीनेकाठच्या एका शेतकऱ्याच्या घरातून फोन आला. त्या घरात सासूला, मग सुनेला, आणि मग सुनेच्या मुलीला बारशाच्या दिवशी करदोड्याबरोबर इवल्या बांगड्या, असं सगळं अम्मानंच भरलेलं. बारशाच्या दिवशी ती त्या तान्ह्या पोरीच्या कानाशी लागून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती, की हिच्या लग्नाचा हिरवा चुडा मीच भरणार. आता त्या पोरीचं लग्न ठरलं होतं. पुढच्या उन्हाळ्यातली तारीख होती. तिची आई फोनवर म्हणाली, "भाबी, तुमाला जमत नसलं तर सांगा, मनात काय बी आणू नका. बार्शीची पार्लरवाली मेंदीसंगं बांगड्या बी भरती म्हनं."

अम्मानं फोन ठेवला आणि आपल्या पायांकडे बघितलं. मग मराठीत म्हणाली, "चल सोलापूरला."

सोलापूरच्या त्या हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. अम्मा, मी आणि अब्बा. अब्बा माझे वडील. कमी बोलणारे, इतके कमी की पाहुण्यांना ते नाराज वाटतात. तिथं अम्माला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा लांबच्या लांब एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला. मी अम्माला तोवर साडीतच पाहिलेलं. तिच्या पायांची हाडं तशी उघडी बघताना मला कुणाचं तरी खासगी पत्र चुकून वाचल्यासारखं झालं.

"मावशी, तुमचे दोन्ही गुडघे एकाच अंगाला कललेत," डॉक्टर म्हणाले. "वारं सुटलं की ज्वारीची ताटं कशी एका बाजूला कलतात, तसं. बहुतेकांचे दोन्ही बाहेर जातात, धनुष्यासारखे. काहींचे दोन्ही आत येऊन एकमेकांना घासतात. तुमचं दोन्हीतलं एकेक आहे."

"गाटोड्यानं झालं का?"

"असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मूळची घडण असते, वय असतं, काम असतं. झिजलं एवढं खरं."

मग त्यांनी समजावून सांगितलं आणि चांगलं समजावलं, हे मी कबूल करते, कारण डॉक्टर लोकांवर माझा एरवी फारसा जीव नाही. ते म्हणाले, आम्ही शिकत होतो तेव्हा सगळ्यांचे पाय ओळंब्यासारखे एका रेषेत आणायचे, असंच शिकवलं होतं. खुबा, गुडघा, घोटा, सरळ. आता आमच्यातले बरेच जण आधी विचारतात की झीज व्हायच्या अगोदर या माणसाचा पाय कसा होता. कुणाचा पाय मुळातच थोडा बाहेर असतो आणि तो तसाच सुखात असतो. त्याला ओढूनताणून सरळ केलं तर गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना जे दोरखंडासारखे पट्टे असतात, ते कुरकुर करतात. यावर आमच्यात अजून वाद चालतात, पण मी जमेल तेवढं ज्याचं त्याला परत देण्याच्या बाजूचा आहे.

"तर तरुणपणी कसे होते पाय?" त्यांनी अम्माला विचारलं.

अम्मा माझ्याकडे बघायला लागली. आपण कसे चालतो हे आपल्याला कुठं दिसतं? फोटो एकच, लग्नानंतरचा, त्यातही ती खुर्चीत बसलेली. मी काहीतरी बोलणार एवढ्यात मागून अब्बांचा आवाज आला. डॉक्टरांना नीट कळावं म्हणून ते मराठीत बोलले.

"डावा आधीपास्नंच जरा भाईर व्हता. उजवा सरळ. लगीन ठरायच्या आदी म्या बघितली तवा ही हिरीवरनं पानी घिऊन येत व्हती. डावीकडं झुकायची, पर पानी सांडत नव्हतं. उजवा लई नंतर बिघडला. धाकटं लेकरू झाल्यावर."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन-चार रेघा ओढल्या, कोन बघितले आणि मान हलवली. "हाडांच्या कोनांवरून माझाही अंदाज तोच होता. डावा थोडासा बाहेरच ठेवू. उजवा सरळ आणू."

अम्माचे कान लाल झाले होते. ती अब्बांकडे न बघता म्हणाली, "इतकं बगत व्हता व्हय?" अब्बा एक्स-रेकडे बघत राहिले. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाचा हेवा वाटला, की कुणाचं चालणं एवढं मनात जपून ठेवता येतं.

मग यंत्राची गोष्ट निघाली. अम्मानं ऐकलं होतं की ऑपरेशन रोबोट करतो, आणि तिला त्याला एकदा बघायचं होतं. "मशीन करनार म्हनं. मंग तुमी काय करनार?"

डॉक्टर हसले. "मीच करणार. आधी स्कॅन काढून तुमच्या गुडघ्याचा नकाशा तयार होतो. ऑपरेशनच्या वेळी यंत्र हाडाची जागा ओळखतं, पाय वाकवला-सरळ केला की कुठं किती फट आहे ते पडद्यावर दाखवतं, आणि मी ठरवलेल्या रेघेच्या बाहेर करवत जाऊ देत नाही. रेघ माझी, हात माझा. चुकलो तर चूक पण माझीच. जादूबिदू काही नाही. मग झिजलेलं तेवढं हाड कापून—"

"कापायचं म्हनू नका," अम्मानं मध्येच अडवलं.

इथं मला दुभाषी व्हावं लागलं. आमच्या धंद्यात बांगडी कधी 'फुटत' नाही आणि कुणी ती 'फोडत' नाही. बांगडी 'वाढते'. नारळ जसा फोडायचा असला तरी वाढवायचा म्हणतात, तसंच. अशुभ शब्द तोंडातून काढला की तो घरात राहायला येतो, असं अम्मा मानते. आणि तिच्या तोंडात हा शब्द इतका मुरलाय की कप फुटला तरी तिच्या लेखी तो वाढतो, आणि एकदा तर आमच्या शेजाऱ्याची भागीदारी वाढली होती.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "वाढवू. आधी उजवा वाढवू, मग काही महिन्यांनी डावा."

"आन एक माप सैल बसवा. घट्ट बसवलं की पुढं तरास."

"सैल बसवला तर लटपटेल, मावशी. घट्ट बसवला तर वाकणार नाही. वाकलेला असताना आणि सरळ असताना, दोन्ही वेळेला सारखा बसला पाहिजे."

अम्मानं थोडा विचार केला. "व्हय. बांगडीचं बी तसंच हाय," ती म्हणाली, आणि तिथं त्या दोघांचं जुळलं. पण निघताना डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं तिचा चेहरा उतरला. चालाल, जिने चढाल, पण मांडी घालून किंवा उकिडवं खाली बसायचं नाही. लोकांचं वाक्य खरं ठरलं होतं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. ती बाहेर येऊन बाकावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आदी चालू दे. बसायचं म्या बगते."

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आली आणि तिनं सांगितलं, हातात काही ठेवायचं नाही, बांगड्या काढा, निघत नसतील तर कटर आणते. अम्माच्या हातात त्या बांगड्या इतकी वर्षं होत्या की मनगटाला वळ पडले होते. नवरा जिवंत असताना हात रिकामा करायचा, हेच तिला जड जात होतं. त्यात कटर. तिनं सिस्टरकडे अशा नजरेनं बघितलं की ती बिचारी दोन पावलं मागं सरली. मग अम्मानं साबणाचं पाणी मागितलं आणि आपल्याच हाताची बोटं जुळवून एकेक बांगडी उतरवली. एकही वाढली नाही. सिस्टर समजूतदार होती. तिनं रिकाम्या मनगटांना गॉजची पट्टी बांधून दिली, म्हणजे हात मोकळा नको. बांगड्या अब्बांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि ऑपरेशन संपेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी दाराशी उभी होते आणि मला रडू आलं, आणि मला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही म्हणून मी बाहेर जाऊन चहावाल्याशी साखरेवरून भांडले.

त्याच्याच पुढं-मागं कधीतरी तो घोटाळा झाला. एक शिकाऊ डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या आणि विचारलं, "काय मावशी, कसं काय?" अम्मा खुशीत होती. म्हणाली, "बेस. उजवा वाढलाय, आता डावा कवा वाढवायचा ते बगा." बाईंचा चेहरा पडला. त्यांनी चादर बाजूला केली, पट्टीच्या वरून-खालून दाबून बघितलं, टेप आणून घेर मोजला, ताप बघितला, आणि मोठ्या डॉक्टरांना निरोप गेला की बांगडीवाल्या मावशींचा गुडघा सुजत चाललाय आणि दुसराही सुजवायचं म्हणतायत. मोठे डॉक्टर जवळजवळ धावत आले. अम्मा उशाला टेकून केळ खात होती. खुलासा झाल्यावर ते भिंतीला टेकून इतके हसले की शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही कारण न कळता हसून घेतलं. त्या वॉर्डात पुढं 'वाढवणे' हाच शब्द झाला. कुणाचा कधी वाढवायचाय, असं वॉर्डबॉयसुद्धा विचारायचे.

खरं दुखणं घरी आल्यावर सुरू झालं. पाय वाकवण्याचे व्यायाम. टाच मागं ओढायची, आणखी थोडी, आणखी थोडी. मी दुकान नवऱ्यावर सोपवून परंड्याला राहिले होते. अम्मा दात आवळून पाय वाकवायची आणि मला शिव्या द्यायची, मराठीत. मीही उलट बोलायचे. शेजारणींना वाटायचं मायलेकींचं बिनसलंय. पण तिनं एकही दिवस चुकवला नाही. डावा गुडघाही झाला, आणि त्या वेळी तर तिनं टेबलावर आडवं होता होता भुलीच्या डॉक्टरांना विचारलं म्हणे, की तुमच्या घरच्या बांगड्या कोण भरतं.

दोन्ही बरे झाल्यावर ती चालायला लागली आणि मी तिला अंगणातून पाठमोरी बघितली. उजवा पाय सरळ. डावा अगदी किंचित बाहेर. ती डावीकडे झुकत होती, पण जराशीच, इतकी की पाण्याची घागर असती तर सांडली नसती. अब्बा दारात उभे राहून बघत होते. त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी बाजारातून जिलेबी आणली, आणि ते जिलेबी कधी आणत नाहीत.

बसण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. उन्हाळा जवळ आला. मी म्हटलं, खुर्चीत बस आणि भर. ती मानेना. म्हणाली, नवरी पाटावर आणि भरणारी खुर्चीत, म्हणजे मी काय तिची सासू लागून गेले?

"तू खुदासमोर खुर्चीत बसून नमाज पढतेस," मी म्हटलं. "ते चालतं. मग नवरीसमोर बसायला काय झालं?"

"खुदाला माजं गुडगं म्हाईत हायेत," ती म्हणाली. "लोकास्नी न्हाईत."



चुडा भरायच्या दिवशी मी गाडी ठरवली आणि तिला घेऊन गेले. मांडव घातला होता, बाया जमल्या होत्या. अम्मा गाडीतून उतरून चालत आली तेव्हा काही जणींनी तिला ओळखलंच नाही. एक म्हातारी कपाळावर हात धरून "कोन हाय वं?" म्हणाली. मग ओळख पटली आणि सगळ्या तिच्या पायांकडे बघायला लागल्या, साडी वर कर, शिवन दाखव, म्हणायला लागल्या. नवरीच्या आईनं ओट्यावर पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, आणि पाटासमोर, ओट्यावरच, एक खुर्ची ठेवली होती. माया होती त्यात. पण खुर्ची पाटाच्या वर जात होती.

अम्मा त्या खुर्चीपाशी थांबली. मला वाटलं, ही आता माघारी फिरते. तिनं खुर्चीकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, मग ओट्याच्या खालच्या अंगणाकडे.

"खुर्ची खाली घ्या," ती म्हणाली. "अंगनात. वट्याला लावून. पाट कडंला सरकवा."

पोरांनी खुर्ची खाली नेली. नवरी ओट्याच्या कडेला पाटावर बसली, अम्मा खाली अंगणात खुर्चीत. नवरी वर, भरणारी खाली. ओट्याच्या उंचीनं अम्माचा गुडघा नेमका हाताखाली आला. बायांमध्ये कुणीतरी "हां" म्हणालं, तेवढंच. इतक्या वर्षांत कुणाला न सुचलेला मार्ग तिनं उभ्याउभ्या काढला होता, आणि मला इतका गर्व झाला की आजूबाजूच्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी आई आहे. सगळ्यांना ते माहीत होतंच.

पण खरी परीक्षा पुढं होती, आणि तिचं कारण फक्त मला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तिची कातडी बधिर झालेली आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बऱ्याच जणांना तसं होतं. चालायला त्यानं काही बिघडत नाही. पण नवरीचा हात गुडघ्यावर आला, तो नेमका त्या बधिर जागेवर. अम्मानं सव्वादोनच्या मापाची पहिली हिरवी बांगडी घेतली, बोटं जुळवली, आणि बांगडी सांध्यावर अडली. पोरगी पुण्याला नोकरी करणारी, चुडा पहिल्यांदाच भरून घेणारी, भेदरलेली. हात ताठ होता. अम्माला ते कळलं नव्हतं, कारण गुडघ्यानं तिला काही सांगितलंच नव्हतं. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. लग्नाच्या चुड्यातली पहिलीच बांगडी भरताना वाढली, तर ती गोष्ट त्या घरात आयुष्यभर कुणी विसरत नाही, आणि त्यानंतर त्या गावात कुणी अम्माला बोलावलंही नसतं. ना कुणी भांडलं असतं, ना दोष दिला असता. नुसतं बोलावलं नसतं.

अम्मानं जोर केला नाही. बांगडी मागं घेतली. नवरीचा हात उचलला आणि जरासा आत, गुडघ्याच्या आतल्या अंगाला ठेवला, जिथं अजून तिला कळतं. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "हात सोड गं बाय. तुज्या आईचा बी असाच ताठ व्हता, पहिल्या दिशी." पोरीनं आईकडे बघितलं. आई पदराआड हसली. आणि बांगडी उतरली. त्यामागून दुसरी, तिसरी, मग दोन्ही हात भरेपर्यंत ती थांबलीच नाही. एकही वाढली नाही.

रीतीप्रमाणे नवरी ओट्यावरून उतरून पाया पडली. अम्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जल्मभर हिरव्या चुड्यात ऱ्हा," म्हणाली. नवरीच्या आईनं अम्माचा हात धरला. मग ती म्हणाली, "भाबी, मला वाटलं व्हतं, तुमी आता येत न्हाई." अम्मा म्हणाली, "मला बी."

जेवणं झाली. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी अम्माला उठवायला गेले तर ती खुर्चीत नव्हतीच. अंगणाच्या पलीकडे, शेजारच्या घराच्या ओट्याला लावलेल्या दुसऱ्या खुर्चीत ती बसली होती, आणि त्या गल्लीतल्या बाया हात पुढे करून रांगेत बसल्या होत्या. लग्नघरच्या नाहीत, नुसत्या बाया. भाबी आलीय तर भरून घेऊ म्हणून. एकीचा हात अम्माच्या गुडघ्यावर होता, आतल्या अंगाला.

"अम्मा, चल," मी म्हटलं. "गाडी थांबलीय. दमशील."

तिनं वर बघितलंही नाही. "तू जा. मला येळ लागंल."

"आणि येणार कशी?"

एसटीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते, हे ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच ठाऊक. त्या पायरीपायी अम्मा कित्येक वर्षं एसटीनं कुठं गेली नव्हती, मयतीलासुद्धा नाही. तिनं हातातली बांगडी पुढच्या मनगटात उतरवली, ती नीट बसली की नाही ते फिरवून बघितलं, आणि म्हणाली, "एस्टीनं येते."

मी गाडीवाल्याला सांगितलं की आपण निघू. नाक्यापर्यंत आल्यावर गाडी परत वळवावीशी वाटली, पण वळवायला लावली नाही. तिनं जा म्हटलं होतं, म्हणून गेले.